गोदीतली खंडेनवमी

रविवार, २१ सप्टेंबर २०२५. वोल्फ्सबुर्ग

शेवटची नोंद तेरा एप्रिलची आहे. एवढ्या गैरहजेरीबद्दल या वहीची क्षमा मागते. वहीला काय फरक पडतो, हा प्रश्नही लगेच पडला, पण पाच महिने जिला तोंड दाखवलं नाही तिच्यासमोर काहीतरी बोलूनच बसावं लागतं. वेळ नव्हता असं लिहिलं तर ते खोटं होईल. वेळ होता. त्या वेळात मी कपाटाचे कप्पे दोनदा लावले. खरं कारण असं, की सतरा वर्षांची नोकरी सोडली हे स्वतःच्या अक्षरात वाचायची हिंमत नव्हती.

तर आता लिहून टाकते. गाड्यांच्या कंपनीत मी गाडीच्या आतल्या स्पीकरचं काम बघत होते. पंधरा एप्रिलपासून ब्रेमेनमधल्या अकरा माणसांच्या एका कंपनीत आहे. प्रवासी जहाजांवर थिएटर असतं, बार असतात, पोहण्याच्या तलावाशेजारी बँड वाजतो. तिथली ध्वनियंत्रणा जुनी झाली की आम्ही ती बदलून देतो. माझं वय चव्वेचाळीस. प्रोबेत्साइट, म्हणजे नोकरी पक्की होण्याआधीचे सहा महिने, चौदा ऑक्टोबरला संपतात. तोपर्यंत आमच्या मालकीण टीडेमान बाई मला दोन आठवड्यांच्या नोटिशीवर घरी पाठवू शकतात. वोल्फ्सबुर्गमध्ये चव्वेचाळिसाव्या वर्षी परत त्याच दारात अर्ज घेऊन उभं राहायचं, हे चित्र मी मुद्दाम रोज एकदा बघते, म्हणजे सवय होईल.

उद्यापासून माझं पहिलं स्वतंत्र काम. 'झेश्वाल्बे' नावाचं जहाज ब्रेमरहाफेनच्या गोदीत दुरुस्तीला आलंय. त्याच्या थिएटरातला, पियानो बारमधला आणि पूल डेकवरचा, असे तीन मिक्सर बदलायचे. नऊ ऑक्टोबरला आबनामे, म्हणजे जहाज कंपनीची माणसं एकेक गोष्ट तपासून प्रोटोकॉलवर, म्हणजे तपासणीच्या अहवालावर, सही करणार. दहाला जहाज प्रवासी घेऊन कॅनरी बेटांकडे निघणार. सही झाली नाही तर माझं काय होणार, हे टीडेमान बाईंनी सांगितलं नाही. त्यांनी नुसता कॅलेंडरवर चौदा तारखेला गोल केलाय.

जेवताना कपिलला विचारलं, "मी हे का केलं असेन?"

"कंटाळली होतीस म्हणून."

"पण कंटाळा हे पुरेसं कारण आहे का?"

"ऊर्मिला, भात वाढ."

इरानं जर्मनमध्ये मत दिलं की मी फार प्रश्न विचारते. मग तिनंच विचारलं की जहाजावर आइस्क्रीम खरंच दिवसभर फुकट असतं का. तेरा वर्षांच्या मुलीनं असलेच प्रश्न विचारावेत. मला आवडलं.


मंगळवार, २३ सप्टेंबर. ब्रेमरहाफेन

पाण्याबाहेर काढलेलं जहाज बघू नये. कुणाच्या घरी न कळवता गेल्यावर दार उघडणारा टॉवेलवर असावा, तसं वाटतं.

थिएटर सहाव्या डेकवर आहे. सहाशे वीस खुर्च्या, सगळ्या प्लास्टिकखाली. मागच्या बाजूला जुना मिक्सर. आमच्या जेवणाच्या टेबलाच्या दुप्पट लांब. गायकाचा माइक, ड्रम, पियानो, सगळ्यांचे आवाज त्यात येतात आणि कोण किती ऐकू यावा ते तिथे ठरतं. अठ्ठेचाळीस रांगा, प्रत्येक रांगेत चौदा नॉब. म्हणजे सहाशे बहात्तर. त्याला मेमरी नाही. नॉब जिथे फिरवून ठेवलाय, तीच त्याची आठवण. नवा मिक्सर याच्या एक तृतीयांश आहे आणि त्यात चारशे शोंच्या मांडण्या साठवता येतात. बटण दाबलं की शो तयार.

जुन्या मिक्सरवर एकोणीस वर्षं ब्रुन्स बसतात. वय एकसष्ट, उंच, बोलणं कमी. मी गेले तेव्हा ते रिकाम्या थिएटरात मिक्सरसमोर बसून सफरचंद खात होते.

"मॉइन," ते म्हणाले. इकडे दिवसभर तेवढंच म्हणतात.

प्रत्येक नॉबभोवती पांढऱ्या मेणाच्या पेन्सिलीनं रेघा काढलेल्या. कुठे बारीक आकडे, एका ठिकाणी मासा, एका ठिकाणी छत्री.

"हे काय आहे?"

"शो. सोमवारचा, मंगळवारचा, सगळे. रेघेवर नॉब आणला की झालं."

"छत्री?"

"पाऊस असला की लोक आत येतात. थिएटर भरतं. आवाज शोषला जातो."

मी थक्क झाले. गाडीत सतरा वर्षांत पावसाचा विचार मी फक्त वायपरच्या आवाजासाठी केला होता.

हे सगळं त्यांनी वाचून दाखवायचं आणि आम्ही नव्या मिक्सरमध्ये भरायचं, असं ठरलंय. त्यांच्याशिवाय ते कुणाला वाचता येत नाही. "उद्या करू," म्हणाले.


शुक्रवार, २६ सप्टेंबर

बुधवारी ब्रुन्स यांची पाठ दुखत होती. गुरुवारी गालिचा काढायला माणसं आली होती. गालिच्याशिवाय थिएटर खोटं बोलतं, असं ते म्हणाले. तीन वेळा विचारल्यावर मलाच अपराधी वाटायला लागलं. कामाच्या यादीत 'जुन्या सेटिंग्जची नोंद घेतली' अशी एक ओळ आहे. आज दुपारी बघितलं, तर तिच्यापुढे बरोबरची खूण आणि ब्रुन्स यांची सही. मला न सांगता, एकट्यानं बसून त्यांनी सगळं उतरवून घेतलं असणार. अशा माणसामागे मी तगादा लावला होता.

जहाज कंपनीच्या हाके बाई आल्या होत्या. तांत्रिक बाजू त्या बघतात. सेटिंग्ज नव्या मिक्सरमध्ये गेल्या की जहाजावरचे दोन तरुण तंत्रज्ञ बटणं दाबून शो चालवू शकतील आणि ब्रुन्स यांना जहाजावरून काढून बंदरावरच्या लागरमध्ये, म्हणजे कंपनीच्या गोदामात, बसवता येईल, असं त्यांनी समजावून सांगितलं. ब्रुन्स शेजारीच होते.

"लागरला खिडकी आहे," ते म्हणाले.

मला त्यांच्यासाठी बरं वाटलं. एकोणीस वर्षं माणूस वर्षातले दहा महिने पाण्यावर. त्यांच्या फ्लॅटसमोर गाड्या लावायची जागा आहे आणि जमिनीवर झोप लागत नाही असंही ते म्हणतात. थकवा आला की असं होतं. माझ्या वडिलांनाही निवृत्तीआधी झोप येत नसे.


रविवार, २८ सप्टेंबर. वोल्फ्सबुर्ग

सासूबाईंचा सांगलीहून व्हिडिओ कॉल. घरात घट बसलेत, धान्य छान उगवलंय, ते कॅमेऱ्यावर दाखवलं.

"अगं, बुधवारी खंडेनवमी. विसरशील."

"अहो आई, मी बुधवारी गोदीत आहे."

"मग बरंच की. यंत्रं तिथेच आहेत ना? तुझ्या त्या यंत्राची पूजा कर."

"नवीन अजून खोक्यात आहे."

"नव्याचं काय कौतुक? त्यानं अजून काही केलंय का? जे राबलंय त्याला पूस आधी. स्वच्छ पूस, नुसतं वरवर नको. मग हळदकुंकू, एक फूल, आणि त्या दिवशी त्याला कामाला लावू नकोस."

कपिल मागून म्हणाला, "आई, ती पुसताना कशातही वरवर करत नाही."

इरा म्हणाली, "पाइनलिश." म्हणजे लाज आणणारं. मी विचारलं, काय लाज आणणारं आहे, पूजा की मी? तिनं खांदे उडवले. हा प्रश्न मी स्वतःलाही विचारून बघितला. विद्युत अभियांत्रिकी शिकलेल्या बाईनं मिक्सरला कुंकू लावावं का? पण एकोणीस वर्षं न कुरकुरता चाललेल्या यंत्राला सरळ भंगारच्या कंटेनरमध्ये टाकणं मला जास्त अवघड वाटतं.


बुधवार, १ ऑक्टोबर. ब्रेमरहाफेन

आजचा दिवस चांगला गेला. असं मी फार कमी वेळा लिहिते, म्हणून पुन्हा वाचून खात्री केली. हो, चांगला गेला.

थिएटरात कुणी नव्हतं. ब्रुन्स दाताच्या डॉक्टरकडे गेले होते. झेंडूचं कुंडीतलं रोप सुपरमार्केटमधून आणलं होतं, हळदकुंकू घरून. आधी पुसायला घेतलं. सुक्या फडक्यानं काही होईना, कारण कोणीतरी कधीतरी कोला सांडलेला. मग सफाईचं अल्कोहोल आणि कानात घालायच्या काड्या. पेन्सिलीच्या रेघांपाशी थांबले. फोटो काढून ठेवावा का? पण सही केलेली यादी समोर असताना फोटो काढायचा, म्हणजे त्या माणसाच्या शब्दावर विश्वास नाही असं झालं. एकोणीस वर्षांच्या अनुभवापुढे मी साडेपाच महिन्यांची. ते मला शोभलं नसतं. रेघा पुसल्या. मासा पुसताना वाईट वाटलं.

मग सगळे नॉब बरोबर मध्यावर आणले, घड्याळात बारा वाजल्यासारखे, आणि खालच्या सगळ्या सरकपट्ट्या शून्यावर. चार तास लागले. शेवटी तो इतका देखणा दिसत होता, की कारखान्यातून आला तेव्हाही नसेल. प्रत्येक रांगेला हळदीचं बोट, मुख्य पट्टीला हळदकुंकू, झेंडूची चार फुलं, राजगिऱ्याचा एक लाडू. उदबत्ती लावली नाही, धुराचा अलार्म वाजला असता.

सासूबाईंना फोटो पाठवला. त्यांचं उत्तर: "सुंदर. आता हात लावू नकोस, त्याला विसावा घेऊ दे."

तसं केलं.


गुरुवार, २ ऑक्टोबर

सकाळी थिएटरात गेले तर जुन्या मिक्सरभोवती लाल-पांढरी फीत आणि शेजारी गोदीचा सुरक्षा अधिकारी, हातात टॅबलेट. रात्रपाळीच्या कुणीतरी 'उपकरणावर अज्ञात पिवळी व लाल पूड' असं कळवलं होतं.

"हा पदार्थ काय आहे?"

"हळद. मसाला आहे. आणि दुसरं कुंकू. तेसुद्धा मूळ हळदच."

"दोन्ही हळद, पण रंग वेगळे?"

"हो."

"लावण्याचा उद्देश?"

मी विचार करून खरं ते सांगितलं. "यंत्राबद्दल कृतज्ञता."

त्यानं टॅबलेटवर बराच वेळ शोधलं. फॉर्ममध्ये तो पर्याय नव्हता. आम्ही दोघांनी मिळून 'देखभाल' निवडलं. पुडीचं सुरक्षा माहितीपत्रक सोमवारपर्यंत द्यायचं, तोपर्यंत लाडूलाही कुणी हात लावायचा नाही.

तेवढ्यात ब्रुन्स आले. फितीपलीकडून मिक्सरकडे बघत राहिले. एक हात गालावर, कालच्या दातामुळे.

"कोणी केलं?"

"मी. आमच्याकडे काल अवजारांचा सण होता. आणि यादीत तुमची सही होती, नोंद घेतली म्हणून."

"हो. घेतली आहे." त्यांनी कपाळाला बोट लावलं. "इथे."

कागद नाही, वही नाही, काही नाही. एकोणीस वर्षांचं काम मी कानातल्या काड्यांनी पुसलं.

ते पहिल्या खुर्चीत बसले, प्लास्टिकसकट. "सगळे नॉब?"

"सहाशे बहात्तर."

"आणि रेघा?"

"त्यासुद्धा. अल्कोहोलनं."

"सगळ्या रेघा," असं म्हणून त्यांनी चष्मा काढला, तोंड हातांत लपवलं. खांदे हलत होते, बराच वेळ. मी पाणी आणून दिलं. मोठ्या माणसाला असं बघणं फार कठीण असतं.

मग डोळे पुसत त्यांनी विचारलं, "नक्की एकही राहिली नाही?"

मी प्रामाणिकपणे सांगितलं की एकतिसाव्या रांगेत, खालच्या अंगाला, अर्धी रेघ राहिली आहे. तेवढ्यावरून काही जुळवता आलं तर, म्हणून. ते फितीखालून वाकून आत गेले आणि रुमालानं तीही पुसून टाकली. दुःखात माणसाला अर्धवट काही नकोसं होतं.

"हे तुम्ही लेखी द्याल?" त्यांनी विचारलं.

"अर्थातच. आबनामेच्या प्रोटोकॉलमध्येच लिहीन. माझ्या नावासह."

"फ्राऊ बर्वे," ते म्हणाले, "तुम्ही फार सरळ बाई आहात."

शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. आज दसरा.


शनिवार, ४ ऑक्टोबर. वोल्फ्सबुर्ग

कपिलला सगळं सांगितलं. तो हसला नाही, म्हणजे तसा प्रयत्न केला. मग म्हणाला, "लुडविग्सहाफेनच्या शिरीषला सांगतो. केमिस्ट आहे, असली पत्रकं त्याचं रोजचं काम." शिरीषनं दोन तासांत हळद आणि कुंकू यांची प्रत्येकी तीन पानं पाठवली. 'मोठ्या प्रमाणात डोळ्यात गेल्यास पाण्याने धुवावे. स्फोटाचा धोका नाही. कपड्यांवर डाग कायमस्वरूपी.' शेवटच्या वाक्याखाली त्याच्या बायकोनं, अश्लेषानं, स्वानुभव म्हणून सही केलीय असं त्यानं कळवलं.

काल सुट्टी होती. काल आणि आज मिळून नऊ तास मी इंटरनेटवर प्रवाशांचे फोटो शोधले. कुणाच्या तरी मागे मिक्सर दिसत असेल, तर नॉब कुठे होते ते कळेल. तीन सापडले. एका आजोबांच्या पंच्याहत्तरीचा केक, एक नवविवाहित जोडपं, आणि एकात ब्रुन्स यांच्या कोपरानं अर्ध्या रांगा झाकलेल्या. तिन्ही सोमवारच्या शोचे. मोठे करून, पट्टी लावून मोजलं. तिन्हींत नॉब वेगवेगळ्या जागी आहेत, आणि एकही रेघेवर नाही.

माझ्या मोजण्यात चूक असणार. पुन्हा मोजलं. तेच.


सोमवार, ६ ऑक्टोबर. ब्रेमरहाफेन

फोटो ब्रुन्सना दाखवले. त्यांनी जवळ धरले, लांब धरले.

"लेन्समुळे," ते म्हणाले. "लेन्स वाकवते."

हे माझ्या लक्षात यायला हवं होतं.

टीडेमान बाईंना फोनवर सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "बरं. पियानो बार झाला? पूल डेक?"

"दोन्ही उत्तम. थिएटरची जोडणीही झाली. फक्त मांडण्या नाहीत."

"मग प्रोटोकॉलमध्ये लिहा, 'थिएटरच्या सेटिंग्ज नव्याने कराव्या लागतील.' कोणामुळे, ते कोणी विचारत नाही."

"पण ते खरं नाही."

"ते खोटंही नाही."

यावर मी दोन तास विचार केला. त्यांचं बरोबर आहे, खोटं नाही. पण ते वाचून कोणी समजेल की वारं आलं आणि रेघा गेल्या.

फोन ठेवताना त्या म्हणाल्या, "फ्राऊ बर्वे, चौदा तारीख पुढच्या मंगळवारी आहे, एवढं फक्त सांगते."


बुधवार, ८ ऑक्टोबर

गालिचा बसला, प्लास्टिक निघालं, बँड आला. नव्या मिक्सरवर ब्रुन्स पहिल्यांदाच बसले. मला वाटलं होतं पडद्याची सवय व्हायला आठवडा जाईल. ते डोळे मिटून बसले, पट्ट्यांवर बोटं ठेवली, आणि पंचवीस मिनिटांत थिएटर असं वाजायला लागलं की मी जे करत होते ते विसरले. मी नुसती ऐकत उभी राहिले. ड्रमवाला कधी पिंजऱ्यात कोंडल्यासारखा वाटला नाही, गायिका श्वास घेते तेही कळत होतं, आणि तरी काही मोठं नव्हतं. सतरा वर्षं मी आवाज मोजला. असा ऐकला नव्हता.

"हे साठवू या," मी म्हटलं.

"अजून नाही," ते म्हणाले.

त्याच वेळी मागचं दार उघडून हाके बाई आल्या, आणि लगेच आवाज बिघडला. पियानो गढूळ, गायिका कुठेतरी जिन्याखाली गेल्यासारखी. ब्रुन्स यांची बोटं पट्ट्यांवरच होती, बिचारे झगडत होते. हाके बाईंनी पाच मिनिटं ऐकलं, कपाळाला आठ्या घातल्या, गेल्या. त्या गेल्यावर पुन्हा सगळं सुंदर.

दार उघडं राहिल्यामुळे हवेचा दाब बदलला असावा. नोंद करून ठेवलीय. तेवढ्यानं इतका फरक पडतो हे मी कुठे वाचलं नव्हतं.


गुरुवार, ९ ऑक्टोबर

आबनामे झाली. क्रमानं लिहिते, नाहीतर मला सोयीचं तेवढंच आठवेल.

सकाळी सहाव्या डेकवर जाताना कर्मचाऱ्यांच्या केबिनवरून गेले. ब्रुन्स यांची रिकामी बॅग पलंगाखाली सरकवलेली, शर्ट हँगरवर, खिडकीत टोमॅटोचं रोप. खरं तर आज दुपारी त्यांना उतरून लागरला जायचं होतं. निघायच्या दिवशीही खोली इतकी नीटनेटकी. शिकण्यासारखं आहे.

दहा वाजता थिएटरात हाके बाई, टीडेमान बाई, ब्रुन्स आणि मी, रंगमंचावर बँड. पियानो बार, सही. पूल डेक, सही. थिएटरच्या पानावर मी काल लिहिलं होतं तेच होतं. टीडेमान बाईंना सकाळी दाखवलं, तेव्हा त्यांनी डोळे मिटून नुसतं "गेनाऊ", म्हणजे 'अगदी बरोबर', म्हटलं होतं. हाके बाईंनी मोठ्यानं वाचलं:

"'एक ऑक्टोबर रोजी मी, ऊर्मिला बर्वे, जुन्या मिक्सरची सण म्हणून स्वच्छता करताना त्यावरील सर्व खुणा व नॉबच्या जागा नष्ट केल्या. खुणांचे छायाचित्र घेतले नाही. घ्यायला हवे होते. त्या परत मिळवणे श्री. ब्रुन्स यांच्याशिवाय शक्य नाही. सोबत पुडींची माहितीपत्रके जोडली आहेत.'"

बँडवाल्यानं झांजेवर हात ठेवला.

"ब्रुन्स," हाके बाई म्हणाल्या, "परत करायला किती दिवस?"

"रिकाम्या थिएटरात काही कळत नाही. माणसं बसली की आवाज बदलतो. स्वेटर घालून बसली की आणखी बदलतो."

"कॅनरीला स्वेटर?"

"पहिले दोन दिवस असतात. आणि येताना शेवटचे दोन."

"किती, ब्रुन्स?"

"मार्च," ते म्हणाले. "एप्रिल म्हणत नाही."

हाके बाईंनी आधी त्यांच्याकडे बघितलं, बराच वेळ. मग माझ्याकडे. मग कागदाकडे. मला वाटलं, आता संपलं. वोल्फ्सबुर्गचं ते दार डोळ्यांसमोर आलं. सवय झाली नव्हती.

"पंधरा वर्षं मी हे प्रोटोकॉल वाचते," त्या म्हणाल्या. "सगळ्यांत गोष्टी आपोआप तुटतात, आपोआप हरवतात. कोणीतरी काहीतरी केलंय असा पहिलाच आहे." आणि सही केली. खाली लिहिलं, 'श्री. ब्रुन्स मार्चअखेर जहाजावर.'

ब्रुन्सनी मान खाली घातली. माझ्या चुकीसाठी एकसष्ट वर्षांच्या माणसाला सहा महिने समुद्रावर. मी त्यांची माफी मागायला गेले तेव्हा ते खिशातून राजगिऱ्याचा लाडू काढून खात होते. फीत सकाळी निघाली होती.

"अजून आहेत?" एवढंच म्हणाले.

उरलेले चार दिले. यापेक्षा काय देणार होते?


मंगळवार, १४ ऑक्टोबर. वोल्फ्सबुर्ग

नोकरी पक्की झाली. टीडेमान बाईंनी पत्र दिलं आणि म्हणाल्या, "हाके बाईंना पुढची दोन जहाजंही तुमच्याकडूनच हवी आहेत. लेखी कळवलंय. मला कारण समजलं नाही, पण हरकत नाही. फक्त पुढच्या वेळी सण असेल तर आधी सांगा, मी वेळापत्रकात टाकते."

आनंद झाला. मग लाज वाटली, की चूक करून पक्की झाले. मग असं वाटलं, की बरोबर वागून कच्ची राहिले असते तर जास्त वाईट वाटलं असतं. मग विचार थांबवला. सासूबाईंना फोन केला, तर त्या म्हणाल्या, "मी सांगितलं नव्हतं?" त्यांना नेमकं काय सांगितलं होतं ते विचारलं नाही.

संध्याकाळी ब्रुन्स यांचा फोटो आला. डेकवर उभे, बाह्या दुमडलेल्या, मागे निळं पाणी. खाली लिहिलंय, 'शो ठीक. अजून फार काम बाकी.' चेहरा लालबुंद दिसतोय. रक्तदाब असावा.

कपिलनं फोटो बघितला आणि इतका हसला की इरा खोलीतून बाहेर आली. तिनंही बघितला. दोघांची नजरानजर झाली. "ममा," इरा म्हणाली, आणि चक्क मराठीत म्हणाली, "तू काही करू नको."

"कशाचं?"

"अगं, त्यांना राहू दे तिथे," कपिल म्हणाला. "कुणाला काही लिहू नकोस. खरंच सांगतो."

कपिल चांगला आहे, पण माणसांचं त्याला फारसं कळत नाही. फोटोच्या मागे फक्त पाणी आहे, जवळ एक ओळखीचं माणूस नाही, आणि तरी तक्रारीचा शब्द नाही. अशी माणसं स्वतःसाठी कधी मागत नाहीत. ते दुसऱ्यानंच बघावं लागतं.

उद्या: हाके बाईंना पत्र. थिएटरचं उरलेलं काम मी स्वतः जहाजावर येऊन पूर्ण करते, ब्रुन्स यांना नाताळाआधी घरी सोडावं, अशी विनंती.